वाचकांचे प्रश्न: डॅशहुंड कुत्र्याच्या मणक्यातली गादी सरकली, आता बरा दिसतोय, सोडू का?

प्रश्न: डॉक्टर, आमचा डॅशहुंड पाच वर्षांचा आहे. सोफ्यावरून उडी मारली आणि जोरात केकाटला, मग पाठीची कमान करून कोपऱ्यात बसला, उचलायला गेलं की गुरगुरायचा. गादी सरकलीय म्हणून आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सहा आठवडे क्रेटमध्ये, म्हणजे बंद पिंजऱ्यात, ठेवा म्हणाले. आज चौथा दिवस आहे, तो एकदम ठणठणीत आहे आणि बाहेर सोडा म्हणून रडतोय. एवढं कोंडायची खरंच गरज आहे का? आणि सोफ्यावर चढू दिलं ही आमचीच चूक ना?

उत्तर: तुमच्या चुकीबद्दल आधी बोलू, कारण तेच तुम्हाला जास्त खातंय असं वाटतं. सोफा हे फक्त निमित्त हो. आखूड पायांशी जोडलेला जो जनुकातला बदल या जातीत आहे, त्यानेच मणक्यांमधल्या गाद्या पार लहानपणापासून सुकायला लागतात, आतला जेलीसारखा मऊ भाग घट्ट होतो, त्यात चुना साठतो आणि मग एखाद दिवशी साध्या वळण्यानेसुद्धा गादी फाटून आतला माल वर मज्जारज्जूवर दाबतो. साधारण चारातल्या एका डॅशहुंडला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, बहुतेकदा 3 ते 7 वर्षांच्या वयात, आणि जास्त करून बरगड्या संपतात तिथे, पाठीच्या मधोमध.

आता क्रेट. तो बरा झालेला नाही, त्याचं दुखणं गोळ्यांनी झाकलंय. गादीचं फाटलेलं कडं भरायला आठवडेच लागतात आणि पेशंट परत येतात ते नेमके याच टप्प्यावर, "बरा वाटला म्हणून सोडला" असं म्हणत, आणि या वेळी मागचे पाय लुळे. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. उभं राहता, वळता, पसरून झोपता येईल एवढाच क्रेट, तो तुम्ही बसता त्याच खोलीत, शू-शीला उचलून न्यायचं, हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) लावून चार पावलं आणि परत आत. मांडीवर घेऊन सोफ्यावर बसणं म्हणजे आराम नाही, दाराची बेल वाजली की तो तिथून उडी मारणारच. रडणं पहिले काही दिवस फार असतं, वास घेऊन खाऊ शोधायचे खेळ द्या. तरी नाहीच थांबला तर डॉक्टरांना सांगा, शांत ठेवायची औषधं असतात.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ जमिनीला समांतर. लहान बाळासारखं काखेत धरून उचलाल तर मागचा सगळा भार लोंबकळतो.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: चालताना मागची नखं फरशीवर घासल्याचा आवाज आला, पंजा उलटा टाकायला लागला, पाय डगमगले, शू अडली किंवा आपोआप व्हायला लागली तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री न्यायचं. मागच्या पायाची बोटं जोरात दाबूनही त्याला काहीच कळत नसेल तर ऑपरेशनचा निर्णय तासांच्या हिशोबात घ्यावा लागतो. आपल्या घरातली पेनकिलर अजिबात नको, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल काहीच नाही, आणि मागच्या वेळची उरलेली स्टेरॉइडची गोळी आताच्या औषधासोबत तर मुळीच नको, पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होतो.

प्रश्न: आमची मिनिएचर, म्हणजे छोट्या आकाराची डॅशहुंड, साडेसात किलोची झालीये. सगळे म्हणतात गोंडस दिसते. जास्त आहे का?

उत्तर: जास्त आहे. मिनिएचर साधारण पाच किलोच्या आतली असते, म्हणजे तिची ती लांब पाठ जवळजवळ दीडपट ओझं वागवतेय. काटा नसेल तरी बोटांनी कळतं. आपल्या हाताच्या पंज्याची मागची बाजू चाचपा, बरगड्या तशा लागल्या तर ठीक. तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर वजन उतरवायचं, मूठ वळल्यावर सांधे लागतात तसं टोकदार लागलं तर ती बारीक आहे. जेवण डोळ्यांनी नाही, वजन करून द्या, आणि खाऊ त्याच जेवणातून वजा करा. घरातले चार जण "एकच तर दिला" म्हणत चार देतात, सगळा गोंधळ तिथेच असतो. चालणं बंद करू नका, पाठीचे स्नायू मजबूत हवेतच.

प्रश्न: आठ वर्षांच्या आमच्या डॅशहुंडला महिनाभर शिंका येतायत, एकाच नाकपुडीतून पाणी, कधी रक्ताचा थेंब. ॲलर्जी समजून औषध दिलं, फरक नाही. तोंडाला वासही येतो.

उत्तर: तोंड उघडून बघायला लावा. लांब निमुळत्या तोंडाच्या या जातीत वरच्या सुळ्याच्या मुळाशी आतल्या बाजूने हिरडी सडत जाते आणि दात व नाक यांच्यामधलं पातळ हाड झिजून भोक पडतं, मग तोंडातलं सगळं नाकात जातं. बाहेरून दात पांढराशुभ्र दिसू शकतो, म्हणून हे निसटतं. भूल देऊन, दातांचा एक्स-रे काढून तपासावं लागतं, आणि बहुतेकदा तो दात काढून भोक शिवतात. नाकात गाठ वगैरे दुसरी कारणंही असतात, तीही बघतील. पुढच्या कुत्र्याला पिल्लू असल्यापासून रोज ब्रश, कुत्र्यांच्याच पेस्टने.

प्रश्न: ठिपक्याठिपक्यांचं, जवळजवळ पांढरं डॅशहुंडचं पिल्लू घेतोय. आईबाप दोघंही ठिपकेवाले आहेत. काही बघावं का?

उत्तर: हे पिल्लू घेऊ नका असंच सांगेन. आईबाप दोघंही ठिपकेवाले असले की दर पिल्लामागे चारात एक शक्यता असते की ठिपक्यांचा जनुक दोन्हीकडून येईल, आणि अशी पिल्लं बऱ्याचदा बहिरी किंवा डोळ्यांत दोष घेऊन जन्मतात. पांढरेपणा जास्त असेल तर संशयही जास्त. आणि कुठल्याही रंगाचं घेताना आईबापाच्या पाठीचा एक्स-रे 2 ते 4 वर्षांच्या वयात काढलाय का, किती गाद्यांत चुना दिसला, एवढं विचारा. विकणारा हसला किंवा चिडला तर दुसरीकडे बघा.