खिंडीतला वारा आणि वावराचा सातबारा

प्रश्न : आमचं वावर राजूर घाटाच्या अंगाला एका खिंडीच्या तोंडाशी आहे. संध्याकाळी तिथं दुपट्टा खांद्यावर ठरत नाही. एक दलाल म्हणतो, इथं पवनचक्क्यांचा मोठा प्रकल्प येतो आहे, इसार घेऊन टाका. एवढा वारा खरंच कामाचा आहे का? (मोताळा तालुका, बुलडाणा)

उत्तर : भाऊ, खिंडीत वारा वाढतो हे खरं. पण वारा खिंडीत शिरला पाहिजे ना! तामिळनाडूतलं मुप्पंदल बघा. पश्चिम घाट दक्षिणोत्तर उभा, त्यातली अरल्वायमोळीची खिंड पूर्व-पश्चिम उघडी. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि थेट आत घुसतो, म्हणून तिथं देशातला एक मोठा पवनऊर्जा पट्टा उभा राहिला. आपल्याकडे उलटं आहे. अजिंठ्याची रांग पूर्व-पश्चिम, त्यामुळे तिच्यातल्या बहुतेक खिंडी दक्षिणोत्तर. पावसाळी वारा रांगेला समांतर निघून जातो. तुमचा दुपट्टा उडवतो तो बराचसा डोंगराचा स्वतःचा वारा. दिवस मावळला की उतारावरची हवा गार होऊन खाली सरकते. जमिनीजवळ ती जोरात लागते, पण शंभर मीटरवरच्या पात्याला तिचा फारसा उपयोग नाही.

वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. सेकंदाला 5 मीटर वारा असेल तर जेवढी, 7 मीटरला त्याच्या जवळपास पावणेतीनपट. म्हणून दोन मीटरच्या फरकावर अख्खा प्रकल्प तरतो किंवा बुडतो. हा फरक अंगाला कळत नाही. त्यासाठी मास्ट, म्हणजे वारा मोजायचा उंच खांब, उभा करतात. तारांनी ताणलेल्या बारीक खांबावर वेगवेगळ्या उंचीला छोट्या वाट्या गरगर फिरत असतात, बाजूला दिशा दाखवणारं पातं. किमान एक पूर्ण वर्ष. दलालाला एवढंच विचारा, मास्ट कुठं आहे आणि किती महिन्यांची नोंद आहे?

प्रश्न : पवनचक्क्या ढग पळवतात, पाऊस पडू देत नाहीत, असं गावात बोललं जातं. सोयाबीन वाळलं की सगळे डोंगराकडं बोट दाखवतात. (कारंजा लाड)

उत्तर : नाही. विदर्भाचा बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरातून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा, शेकडो किलोमीटर पसरलेला. पावसाचे ढग कित्येक किलोमीटर उंच वाढतात, पात्याचं टोक फार तर दोन-अडीचशे मीटरवर. चक्कीमागे जमिनीलगतची हवा ढवळली जाते, रात्री जवळच्या वावरात थोडा फरक पडू शकतो, तेवढंच. हा समज जुना आहे, आणि पाऊस दडी मारतो त्या वर्षी तो पुन्हा डोकं वर काढतो.

प्रश्न : करारनाम्यावर सही करायला सांगतात. काय पाहावं? (पुसद)

उत्तर : आधी सातबारा. जमीन भोगवटादार वर्ग-2, म्हणजे सरकारी अटींवर मिळालेली, असेल तर परवानगीशिवाय पुढं जाऊ नका. आदिवासी खातेदाराच्या जमिनीचे निर्बंध तर वेगळेच, तिथं तोंडी बोलण्याला काडीची किंमत नाही. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असलाच पाहिजे. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर 25-30 वर्षं लिहून देणारे कास्तकार मी पाहिले आहेत, आणि प्रकल्प आलाच नाही तरी त्यांची जमीन कागदावर अडकून पडलेली पाहिली आहे. म्हणून ‘इतक्या वर्षांत काम सुरू झालं नाही तर करार आपोआप रद्द’ ही ओळ हवी.

दुसरं, भाडं फक्त खांबाच्या जागेचं ठरवू नका. पातं वाहून आणायला पांदण रुंद करतात, वळणावर धुरा कापतात, क्रेनसाठी मुरूम टाकून पक्की जागा करतात. ते सगळं तुमच्या तुरीवरून जातं. तिसरं, यंत्राचं आयुष्य 20 ते 25 वर्षं, पण जमिनीत गाडलेलं शेकडो घनमीटर काँक्रीट तसंच राहतं. ते कोण काढणार, पैसे कुठं ठेवणार, हे कागदावर घ्या. इथंच बहुतेक जण घाई करतात.

प्रश्न : आमच्याकडे माळढोक दिसायचा. पक्ष्यांचं काय? (वरोरा)

उत्तर : कॅलिफोर्नियातली अल्टामॉन्ट खिंड हा मोठा धडा. तिथं 1980 च्या दशकात छोट्या चक्क्यांचं रान उभं केलं, आणि त्यात सोनेरी गरुड मरत राहिले. पुढं त्या काढून कमी आणि मोठ्या बसवाव्या लागल्या. लांबून पातं आळशी दिसतं, पण 120 मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला 12 फेऱ्या मारत असेल तर टोकाचा वेग ताशी सुमारे 270 किलोमीटर होतो. माळढोकाला मात्र चक्कीपेक्षा विजेच्या तारा घातक. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातमधल्या त्याच्या अधिवासात तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं होतं, 2024 मध्ये तो आदेश सैल केला. आपल्या भागात चक्कीच्या आधी वीजवाहिनीचा नकाशा मागा.

प्रश्न : विहिरीवर लहान पवनचक्की बसवू का? (आर्वी)

उत्तर : नको. हरभऱ्याला पाणी थंडीत लागतं, तेव्हा आपला वारा झोपलेला असतो. सौरपंपाचा अर्ज करा.