डेलिरियमच्या रुग्णाची ड्यूटी आणि परिचारिकेवरचा ताण

आयसीयूत डेलिरियम (आजारपणात अचानक उद्भवणारा, कमीजास्त होणारा मानसिक गोंधळ) झालेल्या रुग्णाची ड्यूटी केल्यावर झोप लागत नाही आणि पुढच्या शिफ्टची धास्ती वाटते, तेव्हा श्वसनाचे व्यायाम पुरेसे ठरतील का, असे तुम्ही विचारले आहे. घरी गेल्यावर शांत होण्यासाठी ते जरूर करावेत. परंतु माझ्या मते हा ताण मुख्यतः कामाच्या आखणीतून येतो आणि तो तिथेच कमी करावा लागतो.

रुग्णाच्या शिव्या किंवा अंगावर येणे याहून अधिक थकवते ती अनिश्चितता. आत्ता शांत असलेला रुग्ण पुढच्या क्षणी श्वासनलिकेतली नळी उपसून काढील या भीतीने शेजारच्या रुग्णाकडे वळणेही अवघड होते. त्यात डेलिरियमची लक्षणे दिवसभरात कमीजास्त होत असल्यामुळे डॉक्टरांच्या राऊंडला रुग्ण नेमका शांत असतो आणि रात्रभर झुंजलेल्या सिस्टरचे म्हणणे अतिशयोक्त वाटते. म्हणून प्रत्येक शिफ्टमध्ये रास (रुग्ण किती सुस्त किंवा अस्वस्थ आहे हे मोजणारी श्रेणी; 0 म्हणजे जागा आणि शांत, +3 म्हणजे फार अस्वस्थ) आणि कॅम-आयसीयू (डेलिरियम आहे का हे खाटेजवळ पाहण्याची चाचणी) या तपासण्या करून नोंदवा. ‘रुग्ण फार त्रास देतो’ यापेक्षा ‘संध्याकाळी रास 0 होता, आता +3 आहे, कॅम-आयसीयू पॉझिटिव्ह आहे’ हे वाक्य हँडओव्हरमध्ये कितीतरी अधिक वजन राखते. गुपचूप पडून राहणाऱ्या रुग्णाचा डेलिरियमही याच तपासणीत सापडतो. एरवी तो ‘चांगला रुग्ण’ म्हणून सुटून जातो.

हतबलता कमी करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे कारण शोधणे. लघवी तुंबली आहे का, वेदना आहेत का, ऑक्सिजन कमी पडतो आहे का, नवा जंतुसंसर्ग आहे का, दारू अचानक बंद झाली आहे का, मिडॅझोलम हे गुंगीचे औषध चालू आहे का, हे डॉक्टरांसोबत तपासता येते. चष्मा आणि श्रवणयंत्र पिशवीत पडून असतील तर ते आधी लावा. मात्र एका इंजेक्शनने रुग्ण भानावर येईल ही अपेक्षा ठेवू नका: 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या माइंड-यूएसए या चाचणीत हॅलोपेरिडॉल या अशा रुग्णांना शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधाने डेलिरियमचा कालावधी कमी झाला नाही. औषध देऊनही रुग्ण गोंधळलेला राहिला, तर ते तुमच्या शुश्रूषेचे अपयश नसते.

रुग्णवाटप हा खरा कळीचा मुद्दा आहे. ओळखीचा चेहरा रुग्णाला आधार देतो, म्हणून तीच परिचारिका सलग ठेवावी असे म्हणतात आणि ते चूक नाही. पण त्याची सगळी किंमत एकाच व्यक्तीने मोजावी हे मला मान्य नाही. तिच्याकडे दुसरा अस्थिर रुग्ण देऊ नये, शिफ्टमध्ये ठरलेल्या वेळी दुसऱ्या कोणी थोडा वेळ खाटेजवळ उभे राहावे आणि हे इन्चार्ज सिस्टरने शिफ्टच्या सुरुवातीलाच ठरवून टाकावे. मदत मागावी लागली की बहुतेक जणी मागत नाहीत. नातेवाइकांना अवेळी आत सोडण्याची मुभा असेल तर तीही वापरा, मात्र रुग्ण त्यांना न ओळखण्याची किंवा त्यांच्यावर चिडण्याची शक्यता आधी सांगून ठेवा.

हात बांधण्याचा निर्णय मनाला सर्वात जास्त बोचतो. बांधलेले रुग्णही नळी काढतात आणि बांधल्याने अस्वस्थता वाढू शकते. म्हणून तो निर्णय एकटीने घेऊ नये, डॉक्टरांचा लेखी आदेश असावा आणि प्रत्येक शिफ्टमध्ये ‘अजून गरज आहे का’ हे दोघांनी मिळून पाहावे. नळी निघाली किंवा तुम्हाला मार बसला, तर घटनेची नोंद करा आणि घरी जाण्यापूर्वी इन्चार्जसोबत दहा मिनिटे बसून काय घडले ते बोला. ही चर्चा चौकशीच्या सुरात होत असेल, तर दुसऱ्या एखाद्या अनुभवी सहकाऱ्याशी बोलावे. झोपेचा त्रास काही आठवडे टिकला किंवा कामावर जाण्याच्या कल्पनेनेच छातीत धडधडू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नका.