लहान मुलांसोबत पिसांचं काम: सुरुवात कुठून कराल?

तीन-चार वर्षांच्या मुलासोबत पहिल्यांदाच पिसांचं काम काढताय, तर चिकटवण्यापासून सुरुवात करू नका. आधी रंगवू द्या. मोठं पीस पातळ वॉटरकलरमध्ये बुडवून जाड कागदावर ओढलं की एकाच फटकाऱ्यात कितीतरी बारीक रेघा उमटतात, मुलं त्यातच रमतात. पीस विस्कटलं तर टाकू नका. बुडाकडून टोकाकडे चिमटीत हलकेच ओढायला सांगा. तंतूंवरचे सूक्ष्म आकडे पुन्हा एकमेकांत अडकतात आणि पीस जिथल्या तिथे सांधलं जातं! मला तर हे दाखवणंच सगळ्यात आवडतं.

मग कार्डशीटचा पोपट करा. फेविकॉल पिसाला नाही, कागदाला लावायचा, आणि शेपटीकडून डोक्याकडे जायचं, म्हणजे पिसं कौलांसारखी एकावर एक बसतात. चोच-डोळे मूल काढेल तसे.

पिसं स्टेशनरीच्या दुकानातली रंगीत घ्या. गॅलरीत पडलेली कबुतराची नकोतच, त्यांत जंतू आणि किडे असतात. घरच्या कोंबड्यांची असतील तर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन कडक वाळवा. घरात रांगतं बाळ असेल तर मऊ, बारीक पिसं मुळीच काढू नका, ती पटकन तोंडात जातात.