रात्री शुगर पडून गेली, आता मागे काय राहिलं?

गेल्या महिन्यात ठाण्यातल्या एका डायबेटिस शिबिरात चिठ्ठ्या टाकून प्रश्न घेतले होते, निम्मे रात्रीच्या लो शुगरचेच निघाले. त्यातल्या चार चिठ्ठ्यांची उत्तरं इथे देते.

वय ३४, टाइप वन, नेरूळ. तीन आठवड्यांपूर्वी झोपेत शुगर पडून फिट आली. तेव्हापासून उजवा खांदा जाम आहे, हात बाहेर वळतच नाही. एक्सरे नॉर्मल आला, फ्रोझन शोल्डर म्हणून शेक घेतोय. डोकंपण मंद झाल्यासारखं वाटतं.

शेक राहू दे, आधी ऑर्थोपेडिक गाठा, याच आठवड्यात. फिटमध्ये सगळे स्नायू एकदम आवळतात आणि खांदा आत वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्यांपेक्षा दणकट, त्यामुळे सांधा कधीकधी मागच्या बाजूला निखळतो, आणि हे समोरून काढलेल्या एक्सरेत सहज नजरेतून सुटतं. काखेतून काढायचा एक्सरे असतो तो किंवा सीटी करून घ्या. डायबेटिसवाल्यांना फ्रोझन शोल्डर जास्त होतो हे खरंय, म्हणून तर सगळ्यांचं पहिलं बोट तिकडेच जातं, पण तो महिनोन्‌महिने हळूहळू आवळत जातो हो, एका रात्रीत नाही. उशीर झाला की निखळलेला सांधा नुसता ओढून बसत नाही, ऑपरेशन लागतं. पाठीतही कळ येत असेल तर मणक्याचा एक्सरे पण काढा, फिटच्या झटक्याने मणका दबून फ्रॅक्चर होऊ शकतो.

डोक्याचं म्हणाल तर एवढं घाबरू नका. मेंदूला कायमची इजा व्हायला शुगर साधारण २० च्या खाली जाऊन बराच वेळ तिथेच राहावी लागते. अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी या अभ्यासातल्या १,१४४ टाइप वन पेशंटना सरासरी १८ वर्षं पाहिलं, २००७ मध्ये ते छापून आलं, त्यात फिट किंवा बेशुद्धी येऊन गेलेल्यांची बुद्धी बाकीच्यांपेक्षा घसरलेली दिसली नाही. अर्थात ही तरुण वयात सुरुवात केलेली माणसं, अगदी लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना हा दिलासा जसाच्या तसा लागू नाही. आणि मंदपणा अजून महिनाभर टिकला तर न्यूरोलॉजिस्टला दाखवाच.

बाबा ७२, नौपाडा. पहाटे उजवा हात-पाय लुळा, बोलणं अडखळत, शुगर ३८. ग्लुकोज लावल्यावर अर्ध्या तासात हात हलला. हा लकवा होता का? ग्लिमेपिराइड चालू आहे, क्रिएटिनिन वाढलेलं आहे.

लो शुगरमध्ये हुबेहूब लकव्यासारखं होतं, म्हणून तर लकव्याच्या कुठल्याही पेशंटची आधी शुगर बघतात. शुगर वर आल्यावर सगळं साफ गेलं असेल तर बहुतेक शुगरचाच खेळ, पण बोटांत, बोलण्यात थोडंसंही उरलं असेल तर एमआरआय हवाच. असं परत कधी झालं तर "बरं वाटतंय ना, चला घरी" करू नका. क्रिएटिनिन वाढलेलं म्हणजे किडनी कमजोर, आणि तशी असली की ग्लिमेपिराइड या शुगर उतरवणाऱ्या गोळीचा असर लांबतो, ग्लुकोजने वर आलेली शुगर काही तासांनी पुन्हा खाली येते, निदान २४ तास नजरेखाली राहायला हवं. आणि गोळी बदलायचं आत्ताच विचारा. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी आणि गोळी मात्र नेहमीसारखी सकाळी, असं तर नाही ना चाललेलं? या वयात आणि या किडनीला एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) साडेसात-आठ असला तरी माझी काही तक्रार नाही.

ऐरोली. मिस्टर वीस वर्षं इन्सुलिनवर, कंपनीत शिफ्ट ड्युटी. पूर्वी लो झाली की घामाघूम होऊन उठायचे. आता सेन्सर ४८ दाखवतो आणि हे गाढ झोपलेले.

आधी बोटाला टोचून खात्री करा ताई. शुगर सतत मोजणारा हा सेन्सर लावलेल्या दंडावर झोपलं की दाबामुळे तो खोटी लो दाखवतो, कूस बदलली की आकडा वर. खरीच लो असेल तर मात्र मला खांद्या-मेंदूपेक्षा याची जास्त काळजी वाटते. वारंवार लो झाली की शरीराला सावध करणारी ॲड्रेनॅलिनची घंटा वाजेनाशी होते, झोपेत ती तशीही मंदच असते, मग घाम नाही की धडधड नाही, थेट फिट. बरी गोष्ट ही की काही आठवडे एकही लो होऊ दिली नाही तर घंटा बऱ्यापैकी परत वाजायला लागते. अलार्म ८० ला लावा, नाइट शिफ्टचा आणि डे शिफ्टचा इन्सुलिन डोस डॉक्टरांकडून वेगवेगळा लिहून घ्या, आणि पार्टीत घेत असतील तर त्या रात्री दुप्पट लक्ष, कारण दारूमुळे लिव्हर नवी साखर बनवत नाही. शुद्ध नसेल तर तोंडात साखरपाणी अजिबात ओतू नका, कुशीवर वळवा, घरात ग्लुकागॉन (शुगर चढवणारं औषध) असेल तर द्या, १०८ ला फोन.

घोडबंदर रोड. रात्री लो वाटलं की मी पेढा खाते, चालतं ना?

नाही चालत. खव्यातल्या फॅटमुळे साखर सावकाश चढते. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, १५ मिनिटांनी परत चेक करा, ७० च्या खालीच असेल तर परत तेवढीच. फक्त गोळ्यांत व्होग्लिबोज असेल तर घरची साखरसुद्धा लवकर लागू पडत नाही, ती गोळी साखर फुटण्याचं कामच अडवते, तेव्हा ग्लुकोज पावडरच लागते. स्ट्रिप उलटी करून नाव वाचा आणि पावडरचा डबा उशाशी ठेवा.