झोरोआर्क घेतलास ना? मग एवढं बघ

लई भारी निवड केलीस, गड्या. पोकेमॉन गेमच्या लढतीत इल्यूजन या खास गुणामुळं डार्क टाइपचा झोरोआर्क टीममधल्या शेवटच्या पोकेमॉनचं रूप घेतो. म्हणून शेवटी कॉन्केल्डर हा फायटिंग टाइपचा पोकेमॉन ठेव. समोरचा फायटिंग समजून त्याला जड जाणारा सायकिक टाइपचा वार मारतो, पण डार्क टाइपला तो लागतच नाही. त्या फुकटच्या टर्नला नॅस्टी प्लॉट (स्पेशल अटॅक वाढवणारी चाल) लाव.

आपल्या नांदेडची नवी पोरं इथंच चुकतात:

- खरा कॉन्केल्डर अर्धमेला झालेला असतो अन् झोरोआर्क पूर्ण एचपी (जीव) घेऊन येतो. एचपीची पट्टी त्याची स्वतःचीच दिसते, समोरचा लगेच ओळखतो. म्हणून कॉन्केल्डरला आधी मार खाऊ देऊ नको.
- आल्या आल्या नाइट डेझ ही झोरोआर्कची चाल मारतात. कॉन्केल्डरला ते येतच नाही.
- झोरोआर्कला मार झेलायला पाठवतात. एक घाव बसला की सोंग उतरतं.

ईव्ही-बिव्हीचं (पोकेमॉनची ताकद वाढवणारे ट्रेनिंगचे पॉइंट) नंतर बघू. आधी धा-वीस मॅच खेळ.