कॅल्शियम क्लोराइडला ‘डाय’ का नाही? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन म्हणून डाय, हे कळलं. मग कॅल्शियम क्लोराइडमध्ये पण दोन क्लोरीन आहेत, त्याला डायक्लोराइड का नाही म्हणायचं? मुलगी विचारतेय आणि मला सांगता येत नाहीये.

उत्तर : मुलीने नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवलंय. कॅल्शियम दोन इलेक्ट्रॉन देतो म्हणून त्याच्यावर दोन धन प्रभार, क्लोरीन एकच घेतो म्हणून त्याच्यावर एक ऋण, आता बेरीज शून्य यायची तर एका कॅल्शियममागे दोन क्लोराइड लागणारच, दुसरा पर्यायच नाही, मग नावात आकडा कशाला सांगायचा? कार्बन आणि ऑक्सिजनचं तसं नाही. ते इलेक्ट्रॉन वाटून घेतात आणि एकाहून जास्त प्रकारे जुळतात, एक ऑक्सिजन असेल तर मोनॉक्साइड, जो जीवघेणा वायू आहे, आणि दोन असतील तर डायऑक्साइड, जो आपण श्वासातून बाहेर सोडतो. इथे आकडा गाळून कसं चालेल!

लोखंड जरा वेगळं. धातू आहे पण प्रभार कधी दोन, कधी तीन, म्हणून आयर्न टू क्लोराइड आणि आयर्न थ्री क्लोराइड असं म्हणावं लागतं (जुनी नावं फेरस, फेरिक). हा टू-थ्री म्हणजे लोखंडावरचा प्रभार, समोरच्या अणूंची संख्या नव्हे हं. आयर्न टू ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन एकच असतो, बघा. इथे खूप मुलं चुकतात.

प्रश्न : संयुजा (अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो तो आकडा) क्रॉस करून, म्हणजे एकाचा आकडा दुसऱ्याखाली लिहून, मॅग्नेशियम ऑक्साइडचं सूत्र एमजी-टू-ओ-टू येतं. सर म्हणाले दोन-दोन कापून एमजीओ लिही. मग एन-टू-ओ-फोर कापून एनओ-टू का नाही करत?

उत्तर : भारी प्रश्न! मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकात सुटा रेणू असा नसतोच, प्रत्येक मॅग्नेशियमभोवती सहा ऑक्साइड, प्रत्येक ऑक्साइडभोवती सहा मॅग्नेशियम, आणि ही रचना सगळीकडे तशीच पसरत जाते, त्यामुळे सूत्रात फक्त प्रमाण लिहितात आणि तेही लहानात लहान. एन-टू-ओ-फोर मात्र खराखुरा रेणू आहे, दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन एकमेकांना बांधलेले. तो कापलात तर पदार्थच बदलतो : डायनायट्रोजन टेट्राऑक्साइड रंगहीन, नायट्रोजन डायऑक्साइड तपकिरी. आणि हे कागदावरच नाही, बंद नळीत हे मिश्रण गरम केलं की रेणू खरोखर तुटतात आणि तपकिरी रंग गडद होत जातो.

सोडियम पेरॉक्साइड, म्हणजे एनए-टू-ओ-टू, आयनिक (म्हणजे प्रभार असलेल्या कणांचं, आयनांचं बनलेलं) असूनही कापायचं नाही, कारण त्यातले दोन ऑक्सिजन आपसात सहसंयुज बंधाने (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन) जोडलेले असतात आणि ती जोडी मिळून एकच आयन होतो.

प्रश्न : अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होतं म्हणून सोडियम आपणहून इलेक्ट्रॉन देतो, हे बरोबर ना?

उत्तर : ‘आपणहून’ हा शब्द काढून टाका. वायुरूप सोडियमच्या एका मोल (अणू मोजायचं ठरावीक, प्रचंड मोठं माप) अणूंमधून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा घालावी लागते आणि क्लोरीनने तो घेतला की साधारण ३४९ परत मिळते, म्हणजे इथपर्यंत तोटाच. खरी कमाई पुढे आहे, हे विरुद्ध प्रभाराचे आयन जवळ येऊन स्फटिक बनतो तेव्हा मोलमागे जवळजवळ ७८७ किलोज्यूल बाहेर पडते. अष्टकाचा नियम कुठले आयन बनतील ते पटकन सांगतो, तेवढ्यासाठी तो जरूर वापरा, पण बंध टिकतो तो या आकर्षणावर, आणि ते इतकं जबर असतं की सोडियम क्लोराइड वितळायला ८०१ अंश सेल्सियसपर्यंत तापवावं लागतं.