‘पाळी गेली’ की ‘दिवस गेले’?

प्रश्न असा आला आहे: “बहीण बायकांच्या आरोग्यावरच्या एका संशोधनात गावोगाव फिरून माहिती गोळा करते. तिच्या प्रश्नावलीत ‘आपली रजोनिवृत्ती झाली आहे का?’ असं छापलंय. बायकांना ते कळत नाही. ‘पाळी गेली का?’ विचारलं तर कळतं, पण वरिष्ठ म्हणतात ते अशिष्ट आहे. कुणी ‘रजोविराम’ सुचवलं, कुणी ‘ऋतुनिवृत्ती’. बरोबर काय? आणि ‘रजोनिवृत्तीपूर्व’ मधली ‘ती’ ऱ्हस्व की दीर्घ?”

‘पाळी जाणे’ अजिबात अशिष्ट नाही. मात्र प्रश्नावलीत तो शब्दप्रयोग एकटा उभा राहणार नाही. अडचण लाजेची नाही, ‘जाणे’ या क्रियापदाची आहे.

मी उसाच्या पट्ट्यात वाढले. आमच्याकडे पाळी म्हटलं की आधी पाणी आठवायचं. कालव्याच्या पाण्याची पाळी येते, लांबते, चुकते, जाते. सरकार त्याला आवर्तन म्हणतं, शेतकरी पाळीच म्हणतो. कुळवाचीही पाळी असते, गिरणीतली रात्रपाळी असते. ठरलेल्या वेळी फिरून येणारी गोष्ट ती पाळी. बायकांच्या महिन्याला हाच शब्द लागला आणि त्याची सगळी क्रियापदंही सोबत आली. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची आहे’, ‘अडचण आहे’ या आडपडद्याच्या शब्दांपुढे ‘पाळी’ हा किती साधा आणि स्वच्छ शब्द आहे! त्यात विटाळ नाही की कावळा नाही. वरिष्ठांना अशिष्ट शब्दच हवे असतील तर ते दुसरीकडे पुष्कळ मिळतील.

आता ‘जाणे’. ‘माझी पाळी गेली’ असं बाई म्हणाली की त्याचे दोन अर्थ होतात. या महिन्याची येऊन गेली, चौथ्या दिवशी न्हाऊन मोकळी झाले, हा एक. कायमची गेली, हा दुसरा. घरात बोलताना घोटाळा होत नाही, कारण ऐकणारीला बोलणारीचं वय माहीत असतं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईच्या दारात नोंदवही घेऊन उभ्या असलेल्या मुलीचा घोटाळा होऊ शकतो. ‘पाळी थांबली’ म्हणावं तर पोटुशी बाईचीही थांबलेलीच असते. ‘बंद झाली’ म्हणावं तर अंगावर पाजणारीचीही कित्येक महिने बंद असते.

त्यात मराठीची गंमत अशी की ‘तिला दिवस गेले’ म्हणजे गर्भ राहिला. ‘दिवस राहिले’ म्हटलं तरी तेच. गेले म्हणा, राहिले म्हणा, बाई गरोदरच. पुढे ‘दिवस भरले’ की बाळंतपण, आणि तेच रागाने म्हटलं की ‘तुझे दिवस भरलेत’. (‘दिवस घालणे’ तर थेट तेराव्याकडे नेतं.) बाळंतीण ‘सुटली’, ‘मोकळी झाली’, आणि माझी मावशी पाळी गेल्यावर जे म्हणाली तेही हेच: “सुटले बाई एकदाची!” एका टोकाची क्रियापदं दुसऱ्या टोकालाही चालतात. मला हा भाषेचा तोटा वाटत नाही. बोलणाऱ्या बायकांना दोन्ही एकाच हिशेबाच्या गोष्टी वाटत असाव्यात.

तो हिशेब वैद्यकातही एकच आहे, आणि दोन्हीकडे मागे वळून करावा लागतो. गरोदरपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, २८० दिवस. म्हणजे पहिले साधारण दोन आठवडे गर्भ नसतोच, तरी ते दिवस ‘गेलेले’ धरायचे. पाळी कायमची गेली हेसुद्धा त्या दिवशी कुणालाच कळत नाही. सलग बारा महिने आली नाही तर, ती जी शेवटची होती तीच शेवटची, असं वर्षानंतर ठरतं. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तर सहा महिन्यांचा निकष लावतात. म्हणजे सहाच महिने पाळी न आलेली बाई सर्वेक्षणात निवृत्त धरली जाईल आणि दवाखान्यात नाही. शब्द एक, मुदती दोन.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ नंतर गरोदर बायकांच्या पोषणावर एक मोठा अभ्यास झाला. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. तिथे बाई गरोदर झाल्यावर तिला गाठायचं नव्हतं, आधीपासून तिच्या घरी जायचं होतं. दर महिन्याला दारात जाऊन पाळीची तारीख विचारायची आणि चुकली की तपासायचं. पालेभाज्या, फळं, दूध अधिक खाणाऱ्या आयांची बाळं जन्मतः भरलेली होती हा निष्कर्ष पुष्कळांनी वाचला असेल. मला त्यातलं दर महिन्याचं विचारणं महत्त्वाचं वाटतं. एवढं मोठं संशोधन ‘पाळी कधी आली?’ या तीन शब्दांवर उभं होतं. तिथे ‘आपला अंतिम रजोदर्शन दिनांक’ असं कुणी विचारलं असतं तर?

आता पुस्तकी शब्द. ‘मेनोपॉज’ फार जुना नाही. फ्रेंच डॉक्टर शार्ल द गार्दान यांनी तो १८२१ मध्ये रूढ केला, ग्रीकमधल्या ‘महिना’ आणि ‘थांबणे’ या शब्दांवरून. आज तो ऐकला की मोबाइलवरचं पॉजचं बटण आठवतं, पुन्हा दाबलं की सुरू होणारं. ‘रजोविराम’ मध्ये तोच दोष येतो: स्वल्पविरामही विरामच असतो. ‘निवृत्ती’ला ती शंका नाही. सेवानिवृत्त माणूस सल्लागार म्हणून परत येतो म्हणा, पण ते सरकारी खात्यात.

‘रजोनिवृत्ती’ची घडण चोख आहे. रजस् अधिक निवृत्ती, मनोरंजन किंवा तपोवनासारखा संधी. ‘रजनिवृत्ती’ असं छापलेलं दिसतं ते चूक. ‘ऋतुनिवृत्ती’ही चुकीचा नाही, पण अर्थ थोडा सरकतो. रज म्हणजे स्राव. आयुर्वेदातला ऋतुकाल म्हणजे गर्भधारणेला योग्य काळ. एक शब्द जे दिसतं ते सांगतो, दुसरा जे शक्य असतं ते. आणि वरिष्ठांना एवढं कळवा की सुश्रुतसंहितेत हे रक्त बाराव्या वर्षापासून सुरू होऊन ‘याति पञ्चाशतः क्षयम्’, म्हणजे पन्नाशीला क्षयास जातं, असं म्हटलंय. क्रियापद बघा: याति. जाते! ‘पाळी जाणे’ला यापेक्षा जुना दाखला कशाला हवा?

हा रज-ऋतूचा फरक नुसता कीस नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पाहणीत ८२,३०९ बायका होत्या, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. ‘पिशवी काढली’ हाच तिथला शब्द. खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, मग पाळीची कटकटच नको, अशीही कारणं पुढे आली. अशा बाईला ‘पाळी गेली का?’ विचारलं तर ती ‘गेली’ म्हणणार, आणि ते खरंच आहे. पण अंडाशय शाबूत असतील तर तिच्या शरीरातला संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) कारभार चालूच असतो, म्हणजे वैद्यकाच्या अर्थाने ती निवृत्त नाही. अंडाशयही काढले असतील तर तिशीतच एका दिवसात निवृत्त. अर्जावर दोघींच्या पुढे एकच खूण. इथे मराठीचं अकर्मक ‘गेली’ अपुरं पडतं, ‘घालवली’ म्हणावं लागतं.

‘रजोनिवृत्तीनंतर’ हा शब्दही सैल आहे. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासात, पाळी गेल्यावर देतात त्या संप्रेरकांच्या गोळ्यांची १६,६०८ बायकांवरची एक चाचणी जुलै २००२ मध्ये मुदतीआधी थांबवली. गोळ्या न घेणाऱ्यांपेक्षा दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या आठ केसेस जास्त, असा हिशेब होता. त्या बायका ५० ते ७९ वयाच्या, सरासरी त्रेसष्टच्या. पण बातमीत सगळ्या ‘रजोनिवृत्तीनंतरच्या’. नुकतीच पाळी गेलेल्या, रात्री अंगाची लाही होऊन उठणाऱ्या एक्कावन्न वर्षांच्या बाईनेही ती आपलीच बातमी समजून गोळ्या टाकल्या. नंतर म्हणजे किती नंतर, हे तो शब्द सांगत नाही.

तेव्हा बहिणीने होय-नाहीचा प्रश्न काढून टाकावा. शीर्षकात ‘रजोनिवृत्ती’ राहू दे, वरिष्ठही खूश. खाली असं विचारावं: ‘शेवटची पाळी कधी येऊन गेली?’ तारीख आठवत नसेल तर सण विचारावा. “पंचमीला आली होती, मग गौरीला वाट बघितली, नाही आली,” असं उत्तर मिळतं आणि ते तारखेइतकंच पक्कं असतं. मग ‘आपोआप गेली की पिशवी काढल्यामुळे?’ आणि पिशवी काढली असेल तर ‘दवाखान्याचे कागद आहेत का?’ कारण नेमकं काय काय काढलं ते पुष्कळदा बाईला कुणी सांगितलेलंच नसतं.

राहिली ‘ती’. एकटा शब्द असेल तर रजोनिवृत्ती, दीर्घ. समासात पूर्वपदी आला की ‘बुद्धिवैभव’च्या चालीने ऱ्हस्व: रजोनिवृत्तिपूर्व, रजोनिवृत्तिकाळ. ‘नंतर’ हे शब्दयोगी अव्यय, त्याच्याआधी मात्र दीर्घच. पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली, या एका शब्दाची दोन्ही रूपं एकाच पानावर बरोबर छापलेली अजून पाहायची आहेत.